हिरडीला म्हण नाही

नाकाचा अपवाद सोडला, तर मराठी माणसाने दातांवर जेवढी भाषा खर्च केली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या अवयवावर केली असेल असं मला वाटत नाही. चिडलो की आपण दातओठ खातो. घाबरलो की दातखीळ बसते. गयावया करताना दातांच्या कण्या होतात आणि जिंकलो की समोरच्याचे दात त्याच्याच घशात जातात. चिक्कू माणूस दात कोरून पोट भरायला बघतो, कफल्लक माणसाकडे दातावर मारायला पैसा नसतो आणि मोठ्या माणसांचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. दात आहेत तिथे चणे नाहीत आणि चणे आहेत तिथे दात नाहीत, हे तर आपलं सगळं अर्थशास्त्रच.

या सगळ्यात हिरडी कुठे आहे? कुठेच नाही. मी शोधली. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ भरपूर आणि विचारणारं कोणी नाही, त्यामुळे साताऱ्याच्या वाचनालयात बसून मी म्हणींची पुस्तकं पालथी घातली. हिरडीवर मला एकही म्हण सापडली नाही. बत्तीस भाडेकरूंवर एवढं वाङ्मय आणि ते ज्या घरात राहतात त्या घरावर एक ओळ नाही!

हा उद्योग मी का केला? एके रात्री जेवताना आमची कन्या म्हणाली, "बाबा, मी एमडीएसला पेरिओ घेणार."

"म्हणजे काय?"

"हिरड्या."

हिच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, हातातली पळी आमटीच्या पातेल्यावरच थांबली. बीडीएसची चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, अशी पाच वर्षं नातेवाइकांना आम्ही समजावत होतो की दातांचा डॉक्टरसुद्धा खरा डॉक्टरच असतो. ते कुठे आत्ता पटायला लागलं होतं. आणि आता कन्या दातांवरूनही खाली घसरली.

"अगं, पण दात काय वाईट होते?" हिने विचारलं. जणू स्थळच नाकारलं होतं.

आमच्या आईला ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं. वय सत्त्याऐंशी, तोंडात दात एकही नाही.

"काय गं, हिरड्याची डाक्टरीण व्हणार म्हणं तू?"

"हो आजी."

"बेस झालं. हिरडा लई गुणाचा. पोट साफ राहतं."

एका काना-वेलांटीचा गोंधळ होता, पण आजीने तो शेवटपर्यंत मानला नाही. नात झाडपाल्याचं शिकणार हे तिने त्याच रात्री शेजारी कळवून टाकलं. कन्येनेही फार विरोध केला नाही. ती म्हणाली, "आजी अगदीच चुकीची नाही. त्रिफळ्याच्या काढ्याने चुळा भरतातच लोक. आणि सुश्रुताने दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग मोजून ठेवलेत. शीताद, दंतवेष्ट, उपकुश…" ही नावं मला आमच्या बँकेच्या थकबाकीदारांच्या यादीसारखी वाटली. सगळे जुने, आणि एकही पूर्ण गेलेला नाही.

एमडीएसच्या शाखा नऊ. मला त्या पंगतीसारख्या समजावून घ्याव्या लागल्या. ओरल सर्जरी म्हणजे जबडे आणि अक्कलदाढा. ऑर्थो म्हणजे तारा. एंडो म्हणजे रूट कॅनाल, प्रॉस्थो म्हणजे कवळ्या आणि कॅप, पेडो म्हणजे रडणारी पोरं आणि त्यांच्यापेक्षा जास्त रडणाऱ्या आया. ओरल मेडिसिन म्हणजे एक्स-रे, ओरल पॅथॉलॉजी म्हणजे सूक्ष्मदर्शक, पब्लिक हेल्थ म्हणजे गावोगावची शिबिरं. आणि पेरिओ. तारावाले, कालवेवाले आणि सर्जन या मंडळींची पानं आधी मांडली जातात, जिलबी त्यांच्याकडे आधी वळते. पेरिओचं पान पंगतीच्या शेवटी, मठ्ठा येईपर्यंत भात संपतो अशा जागी. बहुतेक पोरं तिथे रँकच्या धक्क्याने येऊन बसतात. स्वतः ताट उचलून तिथे जाऊन बसणारी आमचीच.

नावाचंही मी तिला विचारलं. पेरिओडोंटॉलॉजी. ती म्हणाली, "ग्रीक आहे. पेरि म्हणजे भोवती, ओडोंट म्हणजे दात. दाताभोवतालचं शास्त्र."

म्हणजे शाखेच्या नावातसुद्धा हिरडी नाहीच! लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव ठळक आणि ज्यांनी मांडव घातला ते "आपले विनम्र". ग्रीकांकडेही तीच तऱ्हा.

"पण का?" मी विचारलं. "कारण सांग. बँकेत कर्जाच्या अर्जावरही कारण लिहावं लागतं."

तेव्हा तिने इंटर्नशिपमधला एक पेशंट सांगितला. पन्नाशीचा शेतकरी, काडेपेटी घेऊन ओपीडीत आला होता. तिने पेटी उघडली, तर आत कापसावर एक दात. "भाकरी खाताना हातात आला. दुखलं-बिखलं काय न्हाई. दात चांगलाय, बसवून द्या." तिने दात उलटसुलट करून पाहिला. कीड नाही, भेग नाही, मूळ अख्खं. दात खरोखरच चांगला होता. फक्त त्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं.

"बाबा, त्याला वाटत होतं दाताचंच काहीतरी चुकलं."

यावर हिने पळी पातेल्यात सोडली आणि मला आमटी वाढली. घरात ठराव मंजूर झाल्याची ती खूण असते.

ठराव सोपा असतो, अंमलबजावणी अवघड. एमडीएसला जायचं तर नीट-एमडीएस नावाची परीक्षा द्यावी लागते. २४० प्रश्न, ३ तास. बँकेतल्या सवयीने मी लगेच भागाकार केला. एका प्रश्नाला ४५ सेकंद. आमच्या शाखेत खातेदाराला "नंतर या" म्हणायलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, एकूण ९६०. मी कागद-पेन्सिल घेतली.

"हे बघ, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून चार प्रश्न ठोकलेस, तर सरासरीने एक बरोबर येणार, ४ गुण. तीन चुकणार, ३ गेले. निव्वळ नफा १. म्हणजे २४० प्रश्न काहीही न वाचता ठोकले तरी ६० गुण! बिनव्याजी, बिनतारण."

"बाबा, ६० गुणांत काडेपेटीसुद्धा मिळत नाही," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पहिल्या वर्षी दार नीट लागलं नाही. पर्सेंटाईल पात्रतेच्या वर होता, पण रँक अशी की हव्या त्या जागेपर्यंत पोचेपर्यंत जागा संपायच्या. तिने ड्रॉप घ्यायचं ठरवलं. सकाळी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी, दुपारपासून अभ्यास. आमच्या पिढीत "ड्रॉप" डोळ्यांत घालायचे, आता वर्षभर घेतात. नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न आजीने सोडवला. "हिरडा वाळवायला वरीस लागतंय."

त्या वर्षात आमच्या जेवणात हिरडीखेरीज विषय उरला नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारा धडधाकट माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यांत बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. १० ते २१ दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश परत हातात दिले आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या ठिकाणावर आल्या. हिरड्या दातांवर साचणाऱ्या थराने सुजतात, हे त्या प्रयोगाने पक्कं झालं. मी म्हटलं, यात विशेष काय? विज्ञानाची ही सेवा आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त निष्कर्ष कुणी लिहून ठेवले नाहीत.

"मग मामांचं काय?" हिने हुकमाचं पान टाकलं. हिचे मामा कोरेगाव तालुक्यात असतात. ब्रश त्यांनी आयुष्यात हातात धरला नाही, मिश्री मात्र सोडली नाही. वय अठ्ठ्याहत्तर, दात सगळे जागेवर, ऊस सोलायला कोयता लागत नाही. अशा एका मामाच्या जोरावर अख्खं खानदान दात घासायला टाळाटाळ करतं.

कन्येकडे मामांचंही उत्तर होतं. याच लोएने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत ४८० मजुरांना १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. ही माणसं दात घासायची नाहीत, दंतवैद्य त्यांनी पाहिलेला नव्हता. सर्वांच्या दातांवर थर सारखाच. तरी ८ टक्क्यांच्या हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

"मामा त्या ११ टक्क्यांत आहेत. आजी ८ मध्ये. आणि मिश्रीने तोंडात दुसरं काय होऊ शकतं ते मी मामांना परवाच सांगितलंय."

"आणि मी?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मला दवाखान्यात यायला सांगितलं.

रविवारी दवाखाना बंद होता. डॉक्टरांनी परवानगी दिलेली, मदतनीस सुट्टीवर, म्हणून लिहायला हिला बरोबर घेतलं. ही निवृत्त शिक्षिका. आकडे लिहायला हिच्यासारखं कुणी नाही. मला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा आला, आणि कन्येच्या हातात एक बारीक काडी दिसली. तिला प्रोब म्हणतात. टोकाशी मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती हलकेच सोडायची आणि किती आत जाते ते बघायचं. एका दाताला सहा जागा. माझे दात २८, म्हणजे १६८ आकडे.

"दोन, तीन, दोन. तीन, दोन, तीन," कन्या सांगू लागली. ही लिहू लागली. पुसेगावच्या यात्रेत बैलाचा सौदा चाललाय आणि बैल मी, असं मला वाटलं.

"तीनपर्यंत ठीक असतं," कन्या म्हणाली.

"तीनपर्यंत पास," हिने वहीच्या कोपऱ्यात नोंद केली.

दाढांपर्यंत आलो आणि आकडे चढू लागले. चार. पाच. पाच. सहा. "रक्त येतंय," कन्या म्हणाली आणि हिने त्या आकड्यासमोर लाल टिंब दिलं. पस्तीस वर्षांची सवय, लाल पेन पर्समध्ये असतंच.

"जन्मात पहिल्यांदा यांचे मार्क वाढलेत," ही म्हणाली, "आणि जिथे वाढू नयेत तिथे वाढलेत."

तोंडात काडी असताना माणसाला प्रतिवाद करता येत नाही. दंतवैद्यांचे संसार सुखाचे का होतात ते मला त्या क्षणी कळलं.

निकाल स्टेज ३, ग्रेड बी. ही वर्गवारीही नवी. २०१७ साली शिकागोत जगभरातले हिरडीवाले जमले आणि पुढच्या वर्षी त्यांनी १९९९ ची जुनी वर्गवारी मोडीत काढली. स्टेज म्हणजे पडझड किती झाली, ग्रेड म्हणजे पुढे किती वेगाने होईल. मला मधुमेह आहे, पण तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा सातच्या खाली असल्याने बी मिळाली. सात झाला असता तर सी.

"मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेह आटोक्यात येऊ देत नाहीत," ती म्हणाली. "दोन्हीकडून."

साताऱ्यात राहून कंदी पेढ्याला नाही म्हणणाऱ्या माणसाच्या त्यागाची इतकी कमी किंमत कुणी केली नसेल. फक्त बी!

"पण मला दुखत तर काहीच नाही," मी म्हटलं.

"तेच तर," कन्या म्हणाली. "दात बोंब मारतो म्हणून लोक त्याला घेऊन धावतात. हिरडी मुकाट्याने सोसते."

हिने लाल पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत हिरडीविषयी बरीच सहानुभूती होती.

दुसरा प्रयत्न चांगला गेला. रँक सुधारली. आता अर्ज. इथे मला वाटलं होतं की आपण कागदाचेच किडे, हे आपलं क्षेत्र. दहावीची गुणपत्रिका, डोमिसाईल, बीडीएसच्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका, अटेम्प्ट सर्टिफिकेट, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, राज्य दंत परिषदेची नोंदणी, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, अमुक बाय तमुक आकाराचा फोटो, त्याहून बारीक सही. सगळं प्लास्टिकच्या फोल्डरात लावलं आणि मग लक्षात आलं की एका कागदावर मी "राव" आहे आणि दुसऱ्यावर नाही. चूक कुणाचीच नव्हती, माझीच होती. कन्येला शाळेत घालताना हौसेने मीच तो "राव" लावला होता. वीस वर्षांनी तो वसुलीला आला. दोन्ही नावांचा इसम एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला नोटरीकडे गेलो.

नोटरीने शिक्का मारता मारता कन्येला विचारलं, "कशाचा कोर्स?"

"हिरड्यांचा."

शिक्का हवेत थांबला. आवाज खाली आला. "ताई, ब्रश करताना जरा रक्त येतं माझ्या. पण दुखत नाही हां."

मग हे थांबेचना. झेरॉक्सवाला म्हणाला, रक्त येतं, म्हणून मी त्या बाजूला ब्रशच करत नाही. फोटो स्टुडिओवाला म्हणाला, ब्रश कडक असेल, कंपनी बदलून बघतो. तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र द्यायला आमच्या जुन्या डॉक्टरांनी कन्येची नाडी पाहिली, वजन केलं, सही केली, आणि मग दार लोटून स्वतःच आ केला. "एवढी खालची बाजू बघ गं." ज्याच्या-ज्याच्या सहीची गरज होती त्या प्रत्येकाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि दुखत मात्र कुणाचंच नव्हतं. अर्जाला जोडलेली प्रमाणपत्रं एकवीस आणि वाटेत भेटलेले पेशंट बावीस. बाविसावा मी.

अर्जानंतर जागांचा खेळ. तो दोन पटांवर एकदम चालतो. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समिती भरते, अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच बघते. राज्याच्या वाट्याच्या जागा मुंबईचा सीईटी कक्ष भरतो. एकीकडे एक फेरी, दुसरीकडे दुसरी, आणि मध्ये पालक. मिळालेली जागा धरायची की पुढच्या फेरीसाठी लटकत राहायचं, हे ठरवताना मला पहिल्यांदा हलणाऱ्या दाताची मनःस्थिती कळली.

पसंतीक्रम भरायच्या रात्री घरात सल्लागार मंडळ भरलं. मोठे काका फोनवर, मेहुणे प्रत्यक्ष. मेहुणे म्हणाले, "पहिलं ऑर्थो टाक. तारांना मरण नाही." काका म्हणाले, "रँक बघून टाका, नशिबात असेल ते." आजी म्हणाली, "हिरडाच टाक."

माझं मत विचारलंच नाही, पण सत्ता माझ्याकडे होती. कन्येने अर्जात मोबाईल नंबर माझा दिला होता. जुन्या काळी ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा तो घरचा कर्ता. आता ज्याच्या फोनवर ओटीपी येतो तो. फोन वाजला. सहा आकडे आले. मी चष्मा पुसायला घेतला.

"बाबा, ओटीपी."

"दोन मिनिटं. मी म्हणतो, एकच ऑर्थो वर टाकलं तर…"

"बाबा, मुदत संपेल."

"एकच गं. नातेवाइकांना सांगायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुमची उजवीकडची शेवटची दाढ सहा मिलिमीटर आहे. तिला तार लावू?"

मी ओटीपी सांगितला. तिने यादी भरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शाखा, फक्त गावं बदलत होती. मुंबई, नागपूर, संभाजीनगर, पुणे, नाशिक. शाळेत असताना शिक्षा म्हणून शंभर वेळा एकच वाक्य लिहायचो, तसं दिसत होतं ते.

पहिल्या फेरीत एका खासगी महाविद्यालयात जागा लागली. पेरिओच. घरात आनंद झाला आणि मग फीचा आकडा उघडला. हिरडी आणि दात यांच्यातली फट आजाराने वाढली की तिला पॉकेट म्हणतात. पॉकेट जितकं खोल, तितका आजार मोठा, आणि ते कमी करायचं हेच उपचाराचं ध्येय. तो आकडा तीन वर्षांनी गुणल्यावर माझ्या खिशावर हा उपचार एका बैठकीत, भूल न देता आणि कायमचा होणार हे मला स्पष्ट दिसलं. तरी मी म्हटलं, बघू, मुदत ठेवी मोडू. कन्या म्हणाली, "थांबा. दुसरी फेरी आहे."

दुसऱ्या फेरीच्या निकालाच्या दिवशी मी देवळात जाऊन बसलो. फोन घरी ठेवून, तोही लॉक करून. ओटीपीचा कर्ता पुरुष ऐन वेळी गायब झाला, म्हणून अर्धा तास निकाल उघडला नाही. शेवटी हिने देवळात निरोप्या धाडला. तो धावतच आला. "काका, नागपूर! सरकारी!"

पेढे वाटले. मी एकच खाल्ला, त्यातला अर्धा. आजीला बातमी दिली तर तिने विचारलं, "मग माझ्या तोंडाचं बघशील का तू?"

"आजी, तुझे दातच नाहीत. दात गेले की हा आजार संपतो."

आजीने क्षणभर विचार केला. "म्हंजी मी बरी झाले."

"तसं नाही गं…"

"आजार हाय का?"

"नाही."

"मग बरीच की," आजी म्हणाली. तिने दाण्याचा लाडू दोन हिरड्यांत धरून मोडला, आवाज येईल इतका मोडला, आणि चघळत म्हणाली, "दात काय, पाव्हणं. हिरडी घरची."

मी वाचनालयात महिनाभर शोधत होतो ते इथे लाडवाच्या तुकड्यासकट ऐकायला मिळालं.

कन्या नागपूरला गेली त्याला आता वर्ष होत आलं. पहिल्या वर्षाला जे येतं ते तिच्याही वाट्याला आलं. सीनियरांचे चहा, सेमिनार, प्रबंधाचा विषय, आणि सकाळपासून रांगेत बसलेली माणसं. रात्री फोन येतो. "बाबा, आजही सगळ्यांचं तेच. दुखत नव्हतं म्हणून आलो नाही." एकदा म्हणाली, कापसावर नव्हे, पण रुमालात बांधून एक जण दात घेऊन आला. या वेळी शेजारचे तीन वाचतील असं वाटतंय.

माझ्या दाढेचं काम तिने तिच्या सरांच्या देखरेखीखाली केलं. खोल सफाई केली, मुळं खरवडून गुळगुळीत केली. तीन महिन्यांनी परत काडी घातली. सहाचे चार झाले. मी हिला फोन लावून मार्क कळवले. ही म्हणाली, "अजून पास नाही झालात."

आणि मग कन्येने वाईट बातमी दिली. हा आजार म्हणजे एकदा औषध घेतलं आणि सुटलो असं नसतं. सांभाळत राहावं लागतं. तुमच्यासारख्याला दर तीन महिन्यांनी येऊन दाखवावं लागेल, आयुष्यभर.

"दर तीन महिन्यांनी? नागपूरला?"

"साताऱ्यातही चालेल. मी नाव सुचवते एकाचं."

"नको," मी घाईने म्हटलं. "एकदा हात बसलेला असतो. डॉक्टर बदलू नये."

त्यामुळे हल्ली दर तीन महिन्यांनी मी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडतो. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी, साताऱ्याला थांबते. एक रात्र आणि दिवसाचा मोठा तुकडा घेते. हिने दिलेल्या डब्यात कन्येसाठी चटणी, मेतकूट आणि भाजणी असते, वर एक हिरड्याच्या चूर्णाची पुडी. ती आजीकडून, कॉलेजच्या वापरासाठी.

गेल्या खेपेला समोरच्या बाकावर दौंडपासून एक गृहस्थ होते. गाडीने वेग घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कुठवर?"

"नागपूर. दात साफ करायला."

ते माझ्याकडे बघत राहिले. "साताऱ्यात दातांचे डॉक्टर नाहीत का हो?"

"आहेत की. गल्लीत दोन आहेत. पण माझं दाताचं नाही. हिरडीचं आहे."

गृहस्थ गप्प झाले. खिडकीबाहेर बघितलं, आजूबाजूला बघितलं. बायको वरच्या बर्थवर झोपली आहे याची खात्री केली. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "माझ्याही सकाळी ब्रश करताना जरा रक्त येतं. पण दुखत वगैरे काही नाही."

मी चष्मा वर सरकवला, डबा बाजूला ठेवला आणि त्यांना जरा उजेडात सरकायला सांगितलं.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.